लेकराचा हात, आपला दावा



या अंकाच्या पहिल्या पानावर वनहक्क दाव्यांचा हिशेब द्यायचं ठरलं होतं. कोणत्या गावचे किती दावे वर गेले, किती नकाशा नाही म्हणून परत आले, तो सगळा मजकूर मागच्या पानावर ढकलला आहे. पहिल्या पानावर आम्ही एका पोरीच्या हाताबद्दल लिहून राहिलो आहोत. कोणी विचारेल, जमिनीच्या पत्रकात हाड मोडल्याचं काय काम? त्याचं उत्तर पुढे येईल. आधी घडलं ते सांगतो. त्यात चूक आमचीही आहे, म्हणून ते आम्हीच सांगायला पाहिजे.

रामटेक तालुक्यात देवलापारच्या आतल्या अंगाला एक टोला आहे. गावाचं नाव लिहीत नाही, पोरीचंही नाही. चौथीत शिकते. एप्रिलात चारं पिकतात तेव्हा सगळ्यांच्याच घरची लेकरं झाडावर असतात, तशीच ही पण होती. शनिवारी दुपारी फांदी मोडली आणि पोरगी हातावर पडली. उजवा हात. कोपराच्या वर फुगला, वाकडा दिसायला लागला.

मायनं तिला घरी आणलं आणि पहिलं काम काय केलं, तर शेजारणीला सांगितलं, पोरगी ओट्यावरून पडली म्हणून. कारण ते झाड गावच्या शिवेत की राखीव जंगलात, यावर मागच्या साली गार्डाशी भांडण झालं होतं. झाडावरून पडली म्हटलं तर गार्ड येईल, केस करील, चारं घेऊन जाईल. हात मोडलेल्या पोरीच्या मायच्या मनात पहिल्यांदा गार्ड आला, हे ध्यानात ठेवा.

संध्याकाळी हाड बसवणारे आजोबा आले. त्यांनी हात ओढला, हाडजोडचा लेप लावला, बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधलं. घट्ट म्हणजे चांगलं, असं आपण सगळेच समजतो. रात्रभर पोरगी किंचाळत होती. हाड मोडलं तर दुखेलच, असं म्हणून घरच्यांनी तिला समजावलं.

रविवारी त्याच टोल्यात आमची बैठक होती. दाव्याचे अर्ज भरायचे होते. पोरगी मायजवळ बसून कण्हत होती, बांधलेला हात मांडीवर. आमच्यातल्या एकानं मायला म्हटलं, "बाई, तिले घरी निजव, इकडे काही ऐकू येऊन नाही राह्यलं." माय उठून गेली. आम्ही अर्ज भरत राहिलो. त्या दिवशी एकोणीस अर्ज झाले आणि आम्ही खूश होऊन परतलो. तिच्या बोटांकडे आमच्यापैकी एकानंही पाहिलं नाही.

सोमवारी दुखणं थांबलं. घरच्यांना वाटलं, औषधाला गुण आला. बोटं गार पडली होती, निळसर काळी दिसत होती, पोरगी म्हणे मुंग्या येत नाहीत आता, काहीच समजत नाही. पण रडत नव्हती, म्हणून सगळ्यांनी देवाचे आभार मानले. मंगळवारी शाळेतल्या बाईंनी पाहिलं आणि त्या ओरडल्या. मग बंडी, मग सडकेवर ट्रक थांबवून रामटेक, तिथून नागपूर. नागपूरला एका मोठ्या दवाखान्यात कामट्या सोडल्या तेव्हा चौथा दिवस लागला होता. कधी बांधलं, असं डॉक्टरनं विचारलं. माय खाली पाहत राहिली. मग "तुम्ही लोकं" पासून सुरू होणारं एक वाक्य तिला ऐकावं लागलं. ते इथं लिहीत नाही. आपल्याला ते पाठ आहे.

हात कापावा लागला नाही. पण बोटं आत वळून बसली आहेत, पक्ष्याच्या पंज्यासारखी. पेन्सिल धरता येत नाही. विळा धरता येणार नाही. हाड मात्र जुळलं. हाडामुळे तिचा हात गेलेला नाही. बांधल्यावर आतलं रक्त बंद झालं आणि ते तीन दिवस कोणी पाहिलं नाही, त्यामुळे गेला.

असं का होतं ते आम्ही नंतर नागपूरच्या एका हाडाच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन समजून घेतलं. आम्ही बारावीपर्यंत शिकलेले, डॉक्टर नाही. जे नीट समजलं तेवढंच लिहितो. पडताना लेकरू हात पुढे टेकतं, आणि पाच ते आठ वर्षांच्या वयात कोपराच्या जरा वर दंडाचं हाड फार बारीक असतं, ते तिथं मोडतं. लेकरांच्या कोपराच्या मोडण्यात हेच सगळ्यात जास्त. त्याच्या अगदी पुढून हाताला रक्त नेणारी मोठी नस जाते. मोडलेलं टोक तिला दाबू शकतं. आतून सूज येते. आणि वरून आपण कामट्या आवळल्या तर सुजेला जायला जागा राहत नाही. मग ती आतल्या आत रक्त बंद करते. साधारण सहा तास रक्त मिळालं नाही तर मांस मरायला लागतं. मेलेलं मांस नंतर आकसतं आणि बोटं ओढून घेतं. जर्मनीचे फोल्कमान नावाचे डॉक्टर होते, त्यांनी हे १८८१ साली लिहून ठेवलं, आवळून बांधलेल्या पट्ट्यांमुळे असं होतं म्हणून. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त झाली. ते आपल्या टोल्यापर्यंत आलं नाही. सडकच नाही, येईल कुठून.

दवाखान्यातल्या प्लास्टरनंही हेच होऊ शकतं, हे नीट समजून घ्या. दोष एकट्या बांबूचा नाही. पांढरं प्लास्टर दिसायला मोठं, पण आत सूज वाढली तर ते कामटीहून कडक.

म्हणून बोटं पाहा. हाड मोडलं, कोणीही बांधलं, आजोबांनी किंवा नागपूरच्या डॉक्टरनं, तरी पहिले दोन दिवस आणि दोन रात्री दर तासाला बोटं पाहायची. बांधताना बोटांची टोकं उघडीच राहिली पाहिजेत. दुसऱ्या हाताच्या बोटांशी ताडून पाहा: तितकीच गरम आहेत का, नख दाबून सोडलं तर पांढरं झालेलं पुन्हा लाल होतं का, लेकराला स्पर्श समजतो का, स्वतःहून बोटं हलवता येतात का. आणि सगळ्यात मोठी खूण: त्याचं बोट हळूच सरळ करून पाहा. त्यावर लेकरू किंचाळलं तर थांबायचं नाही, बांधलेलं लगेच सैल करायचं. मोडलेलं हाड नीट बांधलं की दुखणं कमी होत जातं. बांधल्यावर वाढत गेलं तर ते हाडाचं दुखणं नाही, ते रक्त अडल्याचं दुखणं आहे. आणि मग एकाएकी थांबलं, बोटं गार पडली, तर तो गुण नव्हे. शिरा मरून राहिल्या आहेत.

कामट्या असतील तर विळ्यानं चिंध्या कापा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. हाड हललं तर हलू द्या, हाड पुन्हा बसवता येतं. प्लास्टर असेल तर तसंच दवाखान्यात पळा, आणि दवाखाना दूर असेल तर पाण्यानं भिजवून लांबीत वरपासून खालपर्यंत चिरा, आतली कापसाची पट्टीही चिरा. डॉक्टर रागावेल म्हणून भिऊ नका. ज्या डॉक्टरला समजतं तो रागावत नाही.

आता आजोबांबद्दल. बैठकीत आमच्यातल्या काही तरण्या पोरांनी म्हटलं की हे हाडवैद्य बंद करा, अंधश्रद्धा आहे. आम्हाला ते पटलं नाही. आजोबांनी या पट्ट्यात किती हात-पाय बसवले त्याची मोजदाद नाही. नारळ आणि पावशेर तेल एवढाच त्यांचा मोबदला. आपल्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे हात त्यांच्या बापाने बसवलेले आहेत. दवाखाना आपल्याकडे आला नाही तेव्हा तेच होते. त्यांना आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरीचे बोटं मी पाह्यले नाही. दुसऱ्या दिवशी याले पाह्यजे होतं मले. माह्या पायानं चालणं होत नाही आता." त्यांना कोणी बोलवायला गेलं नाही, हेही खरं.

इंग्लंडात लिव्हरपूल शहरात ह्यू ओवेन थॉमस नावाचे डॉक्टर होऊन गेले. जन्म १८३४. त्यांचं घराणं वेल्समधलं, पिढ्यानपिढ्या हाड बसवणारं, वडीलही हाडवैद्यच, डिग्री नसलेले. डॉक्टर लोक वडिलांवर खटले भरत. बापानं मग पोरांना डॉक्टरी शिकायला घातलं. या थॉमसनं मोडलेल्या पायासाठी लोखंडी सळईचा एक सांगाडा तयार केला. पहिल्या महायुद्धात त्याचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी तो सैन्यात वापरायला लावला आणि मांडीचं हाड मोडून मरणारे पुष्कळ शिपाई वाचले. आजही हाडाच्या वॉर्डात मांडी मोडलेल्या पेशंटच्या पायाला तो सांगाडा दिसतो, नाव थॉमस स्प्लिंट. हाडवैद्याच्या पोराची वस्तू आहे ती. "तुम्ही लोकं" म्हणणाऱ्यानं कधी तरी त्या सांगाड्याकडे पाहावं.

तर आजोबांशी आमचं असं ठरलं. कोपर, गुडघा, घोटा, म्हणजे सांध्याजवळ सूज असेल तर ते ओढणार नाहीत, चोळणार नाहीत, फक्त आधाराला बांधून पुढे पाठवतील. हातातल्या किंवा पायातल्या मधल्या हाडाला बांधलं तरी एक्स-रे काढायला पाठवतील. बोटं उघडी ठेवतील. आणि घरच्यांना बोटं पाहायचं शिकवल्याशिवाय उठणार नाहीत. लेपाबद्दल आम्ही भांडलो नाही. हाडजोड लावा, मैद्याची साल लावा, कातडी फुटलेली नसेल तर लावा. पण चोळणं बंद. मोडलेल्या कोपराला तेल लावून चोळलं तर भोवतालच्या मांसात नवीन हाड तयार होतं आणि कोपर कायमचं आखडतं. आपल्याकडे असे आखडलेले हात किती आहेत ते बाजाराच्या दिवशी मोजून पाहा.

लेकराचं हाड मोठ्या माणसाच्या हाडासारखं नसतं. वाळका बांबू कडकन तुटतो, ओला बांबू एका बाजूनं चिरतो आणि दुसऱ्या बाजूनं नुसता वाकतो. लेकराचं हाड ओल्या बांबूसारखं. त्यामुळे पुष्कळदा ते पूर्ण मोडत नाही. जुळतंही लवकर. मनगटाजवळचं तीन-चार आठवड्यांत, हाताचं मधलं हाड सहा आठवड्यांच्या आसपास, आणि लेकरू जितकं लहान तितकं लवकर. थोडं वाकडं जुळलं तर वाढता वाढता पुष्कळसं आपोआप सरळही होतं. ही निसर्गाची मेहेरबानी आहे आणि हाडवैद्यांचं नाव निम्मं तरी त्यावरच झालेलं आहे, हे आजोबांनी स्वतः हसून कबूल केलं.

पण दोन ठिकाणी ही मेहेरबानी चालत नाही. एक, कोपराच्या वरचं ते हाड. ते वाकडं जुळलं तर वाकडंच राहतं, हात बंदुकीच्या दस्त्यासारखा आत वळलेला दिसतो. म्हणून तिथं डॉक्टर बेशुद्ध करून हाड बसवतात आणि बाहेरून दोन-तीन बारीक तारा घालतात. त्या तारा पाहून आपली माणसं घाबरतात आणि पोराला उचलून घरी आणतात. घाबरू नका, तीन-चार आठवड्यांनी त्या काढून टाकतात. दुसरं ठिकाण सांध्याजवळचं. हाडाच्या टोकाशी एक नरम पट्टी असते, हाडाची वाढ तिथून होते. ती दुखावली तर हात किंवा पाय एका बाजूनं वाढतो, दुसऱ्या बाजूनं थांबतो. आज साधी सूज दिसेल, वाकडेपणा दोन वर्षांनी दिसेल. म्हणून सांध्याजवळचं प्रत्येक मोडणं डॉक्टरनं पाहिलंच पाहिजे.

नेताना कसं न्यायचं? मोडलेल्या भागाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे हलणार नाहीत अशी कामटी लावा, आत जुन्या लुगड्याची घडी. जसा वाकला आहे तसाच बांधा, ओढून सरळ करू नका. कोपर पूर्ण मुडपून गळ्यात अडकवू नका, त्यानं नस दबते. कामटी नसली तर या पत्रकाचे दहा-बारा जुने अंक एकावर एक ठेवून गुंडाळले तरी लेकराच्या हाताला पुरेसा आधार होतो. आमच्या लिखाणाचा तेवढा तरी उपयोग होईल. पाय असेल तर दोन्ही पायांमध्ये घडी ठेवून मोडका पाय चांगल्या पायाला बांधा आणि खाटेवर न्या, खांद्यावर नाही. निघताना भात-भाकर खाऊ घालू नका. पाणी द्या, पण शेवटचं काय आणि कधी दिलं ते डॉक्टरला सांगा. बेशुद्ध करायचं तर पोट रिकामं लागतं, नाही तर ऑपरेशन दुसऱ्या दिवशी जातं.

हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, किंवा मोडल्या जागी नुसती जखम असून रक्त वाहत असेल, तर त्यात आजोबांचं काम नाही, आमचंही नाही. स्वच्छ कपडा झाका, आत ढकलू नका, शेण, माती, तंबाखू काही लावू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा. धनुर्वाताची सुई लागेल. उशीर झाला तर हाडात पू होतो आणि तो वर्षानुवर्षं जात नाही.

आणखी एक गोष्ट, आपल्या लोकांपुरती फार मोठी. लेकरू पडलंच नाही आणि तरी हात-पाय सुजला, दुखतो, तर ते मोडणं समजून बांधू नका. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. त्या आजारात लहान लेकरांची हातापायांची बोटं आणि पंजे सुजतात, मोठ्या पोरांची हाडं असह्य दुखतात. ताप असेल तर हाडात पू झाल्याचंही ते लक्षण असू शकतं. रक्त तपासा. आणि सिकलसेल असलेल्या लेकराचं हाड मोडलं, ऑपरेशन लागलं, तर कार्ड सोबत न्या आणि बेशुद्ध करायच्या आधी सांगा. ते लपवण्यासारखं नाही.

नागपुरात आपल्याला दोन दवाखाने माहीत आहेत, मेयो आणि मेडिकल. मेयो रेल्वे स्टेशनच्या जवळ, मेडिकल अजनीकडे, १९४७ साली सुरू झालेलं. देवलापारहून साठ-सत्तर किलोमीटर. तिथं पोचणं म्हणजे अर्धं काम, पुढचं अर्धं म्हणजे तिथं टिकून राहणं. मांडीचं हाड मोडलं तर अगदी लहान लेकराचे दोन्ही पाय वरच्या दांडीला टांगून ठेवतात. पाहायला वाईट दिसतं, पण ते बरोबर आहे. त्याहून मोठ्याला वजन लावून ओढून ठेवतात, मग छातीपासून पायापर्यंत प्लास्टर करतात. यात आठवडे जातात. माय तिथं बसली तर तेंदूचा हंगाम जातो. घरी बाकीची लेकरं. म्हणून माणसं दहाव्या दिवशी सही करून निघून येतात, किंवा लग्नाला जायचं म्हणून चौथ्या आठवड्यात घरीच विळ्यानं प्लास्टर फोडतात. आम्ही त्यांना नावं ठेवत नाही. पण आता असं करू: ज्या घरची माय नागपूरला बसली त्या घरची तेंदूची पुडकी टोल्यानं बांधून द्यायची. आपण एकमेकांचं धान रोवतोच की. नागपूरला वसतिगृहात राहणारी आपली दोन पोरं दर रविवारी वॉर्डात फेरी मारायला तयार झाली आहेत. गोंडीशिवाय दुसरी भाषा न येणाऱ्या आजीला तेवढाच आधार.

डॉक्टरला खरं सांगा. झाडावरून पडलं तर झाडावरून सांगा, किती उंचीवरून तेही सांगा, कारण उंचीवरून पडलेल्याचं डोकं, पोट, पाठीचा कणा तपासावा लागतो. ओट्यावरून पडलं म्हटलं तर ते कोणी तपासणार नाही. दवाखान्यात पोलिसाची नोंद होते, एम.एल.सी. म्हणतात तिला. ती नोंद आहे, गुन्हा नाही. चारं, मोह, तेंदू, डिंक, मध गोळा करणं, वापरणं आणि विकणं हा २००६ च्या वनहक्क कायद्यानं, कलम ३(१)(ग) मध्ये, आपला हक्क मानला आहे. कामट्यांचा बांबूसुद्धा त्या कायद्यात गौण वनउपज आहे. ज्या भीतीनं त्या मायनं ओटा सांगितला, ती भीती कागदावर केव्हाच संपली आहे. गार्डाला ते माहीत आहे. आपल्या बायांपर्यंत ते पोचवायचं काम आमचं होतं. आम्ही एकोणीस अर्ज भरत बसलो.

पैशाचंही सांगतो. गावाच्या आरोग्य समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला पैसे येतात. अडलेल्या घराला दवाखान्यात जायला त्यातून उसने देता येतात. आपल्या किती गावांना हे माहीत होतं? आम्ही विचारलं तेव्हा बहुतेक ठिकाणी समितीचे अध्यक्ष कोण, इथपासून सुरुवात होती. आशाताईला विचारा, वही पाहायला मागा.

आता सुरुवातीचा सवाल. जमिनीच्या पत्रकात हाडाचं काय काम? त्याच कायद्याचं कलम ३(२) काढून पाहा. जंगलात राहणाऱ्या गावांसाठी तेरा सोयी लिहिल्या आहेत, शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान, पाणी, आणि त्यात दवाखाना आहे, रस्ता आहे. अशा एकेका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडं, एवढी मर्यादा. आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे जंगल आहे म्हणून सडक होत नाही, हे वनखात्याचं जुनं उत्तर आता चालत नाही. ठराव करून मागायचं आणि पोच घ्यायची. आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि वीस हजाराला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारचाच नियम आहे. टोला ते सडक सात किलोमीटर आहे. पावसाळ्यात बंडी जात नाही. सहा तासांत मांस मरायला लागतं. हा हिशेब ठरावात असाच लिहा, सोप्या भाषेत.

संघटनेनं आजपर्यंत या तालुक्यात वैयक्तिक दावे भरले, सामूहिक दावे भरले. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावानं २००९ साली आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला, ते उदाहरण आम्ही गावोगाव सांगितलं. पण ३(२) खाली एकाही टोल्याचा ठराव आम्ही करून घेतला नाही. पट्टा मिळाला की बाकीचं येईल, असं आम्ही धरून चाललो होतो. बैठकीत एका बाईनं उभं राहून विचारलं, "पोरगा असता तं तुमी शनिवारीच नागपूरले नेला असता का नाही?" आम्ही उत्तर दिलं नाही. घरच्यांनीही दिलं नाही.

पोरीचं आता असं आहे. दर पंधरा दिवसांनी नागपूरला न्यावं लागतं. बोटं उघडायला रोज व्यायाम आहे, रात्री बोटांना आधाराची पट्टी आहे, पुढे ऑपरेशन लागेल की नाही ते डॉक्टर नंतर सांगतील. शाळेतल्या बाई डाव्या हातानं लिहायला शिकवून राहिल्या आहेत. स्वतःचं नाव येतं, गणितं अजून वाकडी येतात.

येत्या ग्रामसभेआधी आपल्या टोल्यांची एक बैठक पोरीच्याच अंगणात घ्यायची आहे. सकाळी ३(२) च्या ठरावाचा मसुदा वाचू. दुपारी आजोबा बांधायचं दाखवतील आणि आशाताई बोटं पाहायचं दाखवतील. प्रत्येक टोल्यातून दोघं यावं, त्यात एक बाई असावी. आजोबांना आणायला बंडी पाठवायची आहे, कोण पाठवतो ते आधी कळवा. कामट्या तेच आणणार आहेत. चिंध्या आपापल्या आणा.